थप्पी खालून ओढू नका
(लालबागच्या एका चाळीत तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता नंतर. आधी गोणीबद्दल बोलतो. मी मॅट्रिक झालेला गोदीतला हमाल. पाठीवर जे वाहतो त्यावर बोलायचा माझा हक्क कुठल्याही प्राध्यापकापेक्षा मोठा आहे.

गुदामात गोण्यांची थप्पी लावतात. एक थर उभा, त्यावर दुसरा आडवा, म्हणजे गोणी गोणीला धरून राहते. कडेच्या गोणीचं शिवलेलं तोंड आत. थप्पी जसजशी चढेल तसतशी आत घ्यायची. उतरवताना वरून, पायऱ्या पाडत. हे आमच्या टोळीतल्या नव्या पोरालाही ठाऊक आहे. मग माणसं थप्पीखाली मरतात कशी?

कारण ट्रक उभा असतो. एका गुदामात (नाव सोडा) पाहिजे तो माल थप्पीच्या पोटात होता. मुकादम म्हणाला, ‘खालूनच खेच, वरनं उतरवत बसलात तर रात्र होईल.’ माझा जोडीदार बापाच्या वयाचा. आम्ही त्याला मामा म्हणायचो. मामानं हूक घातला, ओढला. अख्खी थप्पी त्याच्या कमरेवर आली. मी दोन हात बाजूला होतो, म्हणून आज इथं उभा आहे. मामा जगला, म्हणजे खाटेवर आहे. कागदावर काय लिहिलं? ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’ मुकादमाचं ‘खेच’ कागदावर नाही. हुकूम तोंडी, दोष लेखी. साला, हा सगळा धंदाच असा चालतो.

आणि हे आजचं नाही. 14 एप्रिल 1944. तारीख ऐकून तुम्हाला बाबासाहेबांचा वाढदिवस आठवला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच दिवशी आपल्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाची बोट उभी होती. पोटात सुमारे 1,400 टन दारूगोळा, आणि कराचीला भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या. एकाच फाळक्यात खाली कापूस, वर स्फोटकं! पेटणारा माल आणि फुटणारा माल एका पोटात ठेवू नये, हे आमच्या बिगारी माणसाला कळतं. लढाईची घाई होती, जागा रिकामी होती, भरला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर हमाल परत कामावर आले तेव्हा त्यांना धूर दिसला. मग दोन तासांहून जास्त वेळ साहेब लोक एकमेकांचं तोंड बघत राहिले. बोट बुडवायची की बाहेर ओढायची, ठरेना. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्यासाठी दरवर्षी 14 एप्रिल पाळतात, पाळायलाच हवा. एकूण किती मेले? कुणी आठशे म्हणतो, कुणी तेराशे. एवढा पाचशे माणसांचा फरक कुणाचा असेल, विचार करा. ज्याचं नाव हजेरीत नाही त्याचं नाव मढ्यांतही नाही. आणि चौकशीत संशय गेला तो सिगारेटच्या थोटकावर. कापसावर दारूगोळा रचणाऱ्या कागदावर नाही.

गिरणीत विणकाम खात्यात आपल्या लोकांना घेत नव्हते. धागा तोंडानं ओढावा लागायचा, विटाळ व्हायचा. ओझ्याला मात्र कधी विटाळ झाला नाही.

1967 साली जिनिव्हात जगभरच्या मजूर प्रतिनिधींच्या परिषदेत शिफारस झाली : एका पुरुषानं वाहायचं ओझं 55 किलोच्या वर असेल तर लवकरात लवकर खाली आणा. इकडे साखरेची गोण शंभर किलोची होती आणि त्यानंतरही कित्येक वर्षं शंभरचीच राहिली. 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटलांच्या मागं हमाल उभे राहिले म्हणून झाला. मजुरी मालकानं मंडळात भरायची, वर लेव्ही. त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, दवाखाना. चांगला कायदा. पण तो नोंदलेल्यासाठी. मामा नोंदलेला नव्हता, रोजावरचा होता.

तुमच्यातले कितीतरी जण आता भिवंडीच्या गोदामात पार्सलं उचलतात. तिथं मुकादम नाही, हातातलं स्कॅनर आहे, तेच सेकंद मोजतं. कंबर मात्र तीच. म्हणून सांगतो : कंबरेतनं वाकू नका, गुडघ्यात वाका. माल छातीशी धरा. वळायचं तर पाय वळवा, कंबर पिळू नका. गोणीवर चिठ्ठी नसेल तर आत काय आहे ते आधी विचारा. ‘पावडर आहे’ हे उत्तर नाही. असल्याच एका पावडरीनं माझ्या हाताची साल गेली होती.

आणि कुणी ‘खालून खेच’ म्हणालं तर एकट्यानं नाही म्हणू नका. एकटा नाही म्हणाला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा. मामाला तेच भय होतं. घरी पाच तोंडं. टोळीनं सगळ्यांनी हूक खाली ठेवायचे, आणि म्हणायचं, लिहून द्या. कोण लिहून देतो ते बघू.

पुढच्या रविवारी नोंदणीचे फॉर्म घेऊन मी इथंच बसणार आहे. आधारकार्ड आणि दोन फोटो आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे मी भरीन. कविता पण तेव्हाच वाचू, आता माझी रात्रपाळी आहे.