अवकाशातला दगड : जूनो

काळ्याभोर आभाळातही साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जूनो या लघुग्रहाची आज ओळख करून घेऊ. १ सप्टेंबर १८०४ रोजी जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल हार्डिंग यांनी तो शोधला. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातून तो सुमारे ४.४ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. त्याची कक्षा बरीच लांबट आहे. त्यामुळे सूर्यापासूनचे अंतर ३० ते ५० कोटी किलोमीटर असे बदलत राहते. सुमारे अडीचशे किलोमीटर रुंदीचा, ओबडधोबड आकाराचा हा दगडी गोळा सव्वासात तासांत स्वतःभोवती फिरतो. सिलिकेट खनिजांमुळे त्याचा पृष्ठभाग बऱ्यापैकी उजळ दिसतो. तो पृथ्वीच्या जवळ आला, की चांगल्या दुर्बिणीतून जरूर शोधा!