पाकिटावर काय लिहावं
(लोहारा येथील मंडळीच्या मेळाव्यातील भाषण)



पाळकसाहेबांनी मला नाताळच्या पत्रांविषयी बोलायला सांगितलं आहे. आतल्या मजकुराविषयी नाही, पाकिटाविषयी. पाकीटच फोडलं नाही तर आतलं पत्र कितीही चांगलं असो, ते रद्दीतच जातं.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाकिटावर एका पारधी मुलाचा फोटो छापला. विस्कटलेले केस, मळलेला सदरा, खाली लाल अक्षरांत 'या लेकराला उपाशी ठेवाल का?' देणग्या चांगल्या आल्या. मग एका दुकानाच्या काउंटरवर ते पाकीट मुलाच्या आईनं पाहिलं. ती थेट माझ्याकडे आली. "ताई, त्या दिवशी मी मटण केलं होतं. पोरगं खेळून आलं होतं. तुम्ही त्याला गावभर उपाशी केलं." मला उत्तर देता आलं नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, पुढे पारध्यांनाही त्यात ओढलं. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण लोकांच्या नजरेतला संशय गेला नाही. त्यावर आम्ही आपला आणखी एक शिक्का मारला, तोही प्रेमाच्या नावानं.

पुढच्या वर्षी फोटो काढला आणि खाकी पाकिटावर 'तातडीचे' छापलं. एका आजोबांना ती कोर्टाची नोटीस वाटली. त्यांनी ते न फोडता दोन दिवस पवित्र शास्त्राखाली ठेवलं होतं!

आता आम्ही साधं पांढरं पाकीट घेतो. पत्ता हातानं लिहितो आणि तिकीट जिभेनं नाही, डिंकानं चिकटवतो. पाठवणाऱ्याचं नाव डाव्या कोपऱ्यात स्पष्ट. ओळखीचं नाव आणि माणसाचं अक्षर दिसलं की हात आपोआप पाकीट फोडतो. पौलानेही लेखनिकाकडून पत्रं लिहवून घेतली, तरी शेवटी स्वतःच्या हातानं चार शब्द लिहिले. गलतीकरांस तर मोठमोठ्या अक्षरांत. पत्र खरंच त्याचं आहे, याची ती खूण होती.

पिनकोड विसरू नका. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी ही पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती सुरू झाली. एक आकडा चुकला की पत्र भलत्याच जिल्ह्यात फिरून येतं. वजनही बघा. साध्या पत्राला २० ग्रॅमपर्यंत एकच दर असतो. दोन कागद आणि पाकीट त्यात बसतं. जाड कार्ड घातलं की तिकीट कमी पडतं आणि दंड भरावा लागतो तो देणगीदाराला.

पाकिटावर एकच ओळ लिहायची, आणि ती ज्याच्याविषयी आहे त्याला आधी वाचून दाखवायची. गेल्या वर्षीची ओळ होती, 'आत एका जातीच्या दाखल्याची गोष्ट आहे.' ती त्याच आईनं मंजूर केली. पैसे आधीपेक्षा कमी आले, हे लपवत नाही. कार्यकारिणीत त्यावरून वादही झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मी मात्र जुन्या पाकिटाकडे परत जाणार नाही.

तो मुलगा आता आठवीत आहे आणि पत्ते लिहायला येतो. शनिवारी दुपारी तीन वाजता तुम्हीही या. बॉलपेन आणा. जेलपेन नको, डिंकाचा ओला हात लागला की पत्ता पसरतो.