आराखड्याचे सॉफ्टवेअर रुसते तेव्हा

गावात शाळेची नवी खोली बांधायची असो, शेततळे खणायचे असो, की कालव्यावरून नवी चारी काढायची असो, आधी लागतो तो आराखडा. पूर्वी ड्राफ्ट्समन मंडळी ड्रॉइंग बोर्डावर कागद ताणून, टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअर घेऊन तो काढीत. १९८२ सालच्या डिसेंबरात ऑटोकॅड नावाचे सॉफ्टवेअर बाजारात आले आणि हळूहळू हे काम संगणकावर गेले. आज आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा अभ्यासक्रम शिकणारी मुले त्यावरच हात बसवतात, आणि तालुक्याच्या गावी छोटे दुकान थाटून बसलेल्या माणसाचे पोट त्यावर चालते. ते सॉफ्टवेअर एका सकाळी उघडेनासे झाले, तर काय करावे? आज त्याविषयी बोलू.

संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी मूळ यंत्रणा, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती विंडोज असते. ऑटोकॅड तिच्या आश्रयाने चालते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून पुष्कळांनी विंडोज ११ घेतले. पण कुणाचा जुना प्लॉटर नव्या यंत्रणेला जुमानेना, कुणाचे यंत्र जड झाले. मग माणूस म्हणतो, नको बाबा, आपली जुनीच बरी. तशी सोय आहे. नवी यंत्रणा आल्यापासून साधारण १० दिवस जुनी यंत्रणा एका फोल्डरात जपून ठेवलेली असते. तेवढ्या मुदतीत सेटिंग्जमधल्या रिकव्हरी या ठिकाणाहून मागे फिरता येते.

माणूस मागे फिरतो. संगणक सुरू होतो, सगळे पहिल्यासारखे दिसते. पण ऑटोकॅडवर टिचकी मारली की काहीच होत नाही. कधी अमुक फाइल सापडत नाही असा निरोप येतो, कधी परवाना पुन्हा मागितला जातो. आणि काढून टाकायला जावे, तर संगणक म्हणतो, असे सॉफ्टवेअर येथे नाहीच!

असे का व्हावे? तलाठ्याच्या दप्तराकडे पाहा, म्हणजे उलगडा होईल. जमीन जागच्या जागी असते, पण फेरफाराची नोंद चुकली की सातबाऱ्यावर नाव भलत्याचेच. संगणकातही असे एक दप्तर असते. त्याला रजिस्ट्री म्हणतात. कोणते सॉफ्टवेअर कुठे बसवले, त्याचे कोणते भाग कुठे आहेत, याच्या नोंदी तेथे असतात. ऑटोकॅडसारखे मोठे सॉफ्टवेअर एका फोल्डरात मावत नाही. त्याचे काही भाग विंडोजच्या सामायिक जागेत असतात, परवान्याची सेवा वेगळी असते, आपल्या आवडीनिवडी आणखी तिसरीकडे. यंत्रणा पुढे जाऊन मागे आली की या साऱ्यांचा मेळ बसेलच असे नाही. एखादी फाइल नवी राहते, एखादी जुनी येते, आणि दप्तर सांगते तिसरेच. बिघाड म्हणतात तो बहुधा हाच.

आता दुरुस्ती. पहिले काम सॉफ्टवेअरचे नव्हेच. आपले आराखडे आधी सुरक्षित करावेत. सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येते. सहा महिने खपून केलेली मोजणी पुन्हा करणे कठीण. डीडब्ल्यूजी नावाच्या सगळ्या फाइली वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्यांच्या शेजारी बॅक नावाच्या फाइली दिसतात, त्याही घ्याव्यात. प्रत्येक वेळी जतन करताना आधीची प्रत ऑटोकॅड त्या नावाने राखून ठेवते. अशा फाइलीचे नाव बदलून डीडब्ल्यूजी केले की ती उघडते. छपाईच्या रेघांची मापे आणि आपण बनवलेले टूलबार यांच्या फाइलीही विसरू नयेत.

एवढे झाल्यावर सोप्याकडून अवघडाकडे जावे. बरेच जण घाईने सॉफ्टवेअर वरून पुन्हा बसवू लागतात. जुन्या भिंतीची ओल न काढता वर गिलावा मारावा, तसे ते होते. संगणक एकदा पुरता बंद करून चालू करावा. मग विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासाव्यात. त्यासाठी प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून दोन आज्ञा द्यायच्या असतात. पहिली डिझमची. तिने दुरुस्तीचे मूळ साहित्य नीट होते, म्हणून त्या वेळी इंटरनेट चालू ठेवावे. दुसरी एसएफसीची. ती बिघडलेल्या फाइली शोधून बदलते. वेळ लागतो, मध्येच बंद करू नये.

नंतर ऑटोकॅडचे सोबती पाहावेत. व्हिज्युअल सी प्लस प्लस आणि डॉट नेट ही मायक्रोसॉफ्टची साहाय्यक पॅकेजे नसली किंवा बिघडली असली, तर ऑटोकॅड उभेच राहत नाही. ती दुरुस्त करता येतात. मग कंट्रोल पॅनेलमधल्या यादीत ऑटोकॅड शोधावे. तेथे दुरुस्तीचा पर्याय असतो, तो चालवावा. सॉफ्टवेअर उघडते पण वेडेवाकडे वागते, असे असेल तर त्याच्या मूळ सेटिंग्जवर परत नेणारा पर्याय स्टार्ट मेनूत आहे. रेघा लुकलुकत असतील, तर दोष बहुधा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचा. यंत्रणा मागे आली की तो जुळत नाही, म्हणून संगणकाच्या उत्पादकाकडून योग्य ड्रायव्हर घ्यावा.

यांतले काहीच लागू पडले नाही, तर सॉफ्टवेअर मुळापासून काढावे. रीतसर काढल्यावर मागे राहिलेले फोल्डर साफ करावेत, संगणक पुन्हा सुरू करावा, आणि मगच नव्याने बसवावे. रजिस्ट्रीला हात लावायची वेळ आलीच, तर आधी तिची प्रत घ्यावी आणि जाणत्या माणसाला शेजारी बसवावे. तेथली एक चुकीची नोंद सारा संगणक बंद पाडू शकते.

दोन खाचखळगे सांगून ठेवतो. मधल्या दिवसांत कुणी ऑटोकॅडची नवी आवृत्ती बसवली आणि आराखडे तिच्यात जतन केले, असे समजा. मागे फिरताना ती नवी आवृत्ती जाते, कारण यंत्रणा बदलल्यानंतर बसवलेली सॉफ्टवेअर मागे फिरताना काढली जातात. मग जुनी आवृत्ती ते आराखडे उघडत नाही. २०१८ च्या स्वरूपातली फाइल २०१७ च्या ऑटोकॅडमध्ये उघडत नाही. अशा वेळी आराखडा बिघडला असे समजून तो टाकून देऊ नका. ट्रूव्ह्यू नावाचे मोफत सॉफ्टवेअर अशा फाइली जुन्या स्वरूपात बदलून देते. आराखडा खरोखरच खराब झाला असेल, तर ऑटोकॅडमध्येच रिकव्हर आणि ऑडिट या आज्ञा आहेत.

दुसरा खळगा आपल्या मराठीचा. जुन्या पद्धतीचा मराठी फाँट हरवला की आराखड्यावरची ‘विहीर’, ‘बांध’, ‘ओढा’ ही अक्षरे रोमन चिन्हांचा गोंधळ होऊन बसतात. मजकूर तोच असतो. तोच फाँट पुन्हा बसवला की अक्षरे परत येतात. नवे काम मात्र युनिकोडमध्येच करावे, म्हणजे हा त्रास राहणार नाही.

पुढच्या वेळी मात्र यंत्रणा बदलण्यापूर्वी आपली ऑटोकॅडची आवृत्ती नव्या विंडोजवर चालते की नाही, हे उत्पादकाच्या यादीत पाहावे. सबंध डिस्कची प्रत घ्यावी. आणि त्या १० दिवसांत डिस्क साफ करण्याच्या नादात जुनी यंत्रणा ठेवलेला फोल्डर पुसू नये. तो गेला की मागे फिरण्याची वाटही गेली.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. परीक्षेच्या तोंडावर प्रयोगशाळेतल्या सगळ्या संगणकांची यंत्रणा एकदम बदलू नका. एकावर करून पाहा, आठ दिवस वापरा, मुलांच्या जुन्या फाइली उघडतात का ते तपासा, मग बाकीचे घ्या. आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या कामाची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवायची सवय पहिल्याच आठवड्यात लावा. पुढे तो स्वतःचे दुकान थाटेल, तेव्हा आराखड्याची वाट पाहत बसलेल्या शेतकऱ्याला ‘संगणक बिघडला, काम गेले’ असे सांगण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.