वेल्डिंगचें हेल्मेट : निवड आणि निगा



ज्यानें उभा जन्म खडू आणि फळा यांच्या सोबतींत घालविला, त्या शाळामास्तरानें वेल्डिंगच्या हेल्मेटविषयीं बोलावें, हें ऐकून कित्येकांना नवल वाटेल. त्याचें कारण थोडक्यांत सांगतों. माझी नोकरी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत झाली. ज्या मुलांकडून मीं पाढे घोकून घेतले, त्यांतील बरेच जण आज वेल्डिंगचा धंदा करितात. शिरूरहून न्हावऱ्याच्या वाटेनें चौफुल्याकडे जावें, अथवा दौंडहून पाटसकडे जावें. वाटेंत पत्र्याचें छप्पर, त्याखालीं लोखंडी अँगलांचा ढीग आणि डोळे दिपविणारी निळी-पांढरी ज्योत दिसल्यावांचून राहत नाहीं. रांजणगांव व कुरकुंभ येथें औद्योगिक वसाहती झाल्या. साखर कारखान्यांना ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या गांवोगांव आल्या. गुऱ्हाळांच्या कामापासून घराच्या जाळीपर्यंत सर्वत्र लोखंड जोडण्याची गरज वाढली. हें काम ज्यांच्या हातून होतें, त्यांच्या डोळ्यांचा हा प्रश्न आहे.

हे माजी विद्यार्थी अधूनमधून मजकडे येतात. “गुरुजी, आपोआप काळें होणारें हेल्मेट बाजारांत आलें आहे. त्यावरचे आंकडे आणि इंग्रजी पत्रक तेवढें वाचून सांगा,” असें म्हणतात. तीं पत्रकें वाचतां वाचतां आणि त्यांच्या दुकानांत बसून काम पाहतां पाहतां जें ध्यानांत आलें, तें आज आपणांपुढें मांडतों.

प्रथम अपाय काय होतो, तें पाहूं. विजेच्या ज्योतींतून डोळ्यांना दिसणारा प्रखर प्रकाश निघतो, तसेच न दिसणारे अतिनील आणि अवरक्त किरणही निघतात. अतिनील किरणांनीं बुबुळावरील पारदर्शक पडदा भाजतो. हा दाह तत्काळ जाणवत नाहीं, हेंच त्यांतील कपट आहे. दिवसभर काम करून माणूस घरीं जातो, जेवतो, निजतो. आणि सहा ते बारा तासांनीं, बहुधा मध्यरात्रीं, डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी खुपूं लागते, पाणी वाहूं लागतें, उजेड सहन होत नाहीं. मग कोणी बटाट्याच्या चकत्या बांधतो, कोणी दूध घालतो. बहुतेक वेळां एक-दोन दिवसांत डोळे बरे होतात, आणि गुण बटाट्याच्या पदरीं पडतो! वास्तविक अशा वेळीं डोळे चोळूं नयेत, अंधारांत विसावा घ्यावा, वर थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि नेत्रवैद्यास दाखवावें. डोळा बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनानें वारंवार घालणें तर फार घातक; त्यांनीं वेदना लपते, पण जखम भरून येण्यास अडथळा होतो. हा भोग पुनःपुन्हां येऊं देणें शहाणपणाचें नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१७ सालीं वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगमधील अतिनील किरण या दोहोंची गणना निश्चितपणें कर्करोगकारक गोष्टींत केली आहे.

आतां कोणी म्हणेल, काळी काच तर पूर्वींपासून आहेच. आहे, आणि ती योग्य नंबरची असली तर उत्तम राखण करिते. परंतु तिच्यांतून ज्योत पेटण्यापूर्वीं कांहींच दिसत नाहीं. रॉड नेमका कोठें टेकवावा हें पाहण्यासाठीं कारागीर स्क्रीन बाजूला करितो, रॉड टेकवितो आणि मग स्क्रीन डोळ्यांपुढें आणितो. एका फाटकास जागजागीं टांके मारावयाचे असतात. प्रत्येक टांक्याला हा खेळ कोण करणार? मग डोळे मिटून टांका मारण्याची संवय लागते. पातळ पापणी म्हणजे कांहीं वेल्डिंगची काच नव्हे. शिवाय हातांतल्या स्क्रीनमुळें एक हात अडकून पडतो. सारांश, काच चांगली असूनही दोष राहतो, तो वापरण्याच्या रीतींत.

ही अडचण दूर करणारी युक्ति स्वीडन देशांत निघाली. त्याच देशांत ऑस्कर शेलबर्ग या गृहस्थानें १९०४ सालीं ‘एसाब’ ही कंपनी स्थापिली आणि लेप दिलेला वेल्डिंग-रॉड प्रचारांत आणिला. पुढें १९८१ सालीं ओके हॉर्नेल यांच्या कंपनीनें ‘स्पीडग्लास’ नांवाची आपोआप काळी होणारी काच बाजारांत आणिली. हिची रचना अशी : पुढें एक गाळणी-काच असते, ती अतिनील आणि अवरक्त किरण अडविते. तिच्यामागें, हिशेबाच्या यंत्रावर आंकडे उमटतात त्या जातीच्या, द्रवस्फटिकाच्या पातळ पट्ट्या असतात. कडेला प्रकाश ओळखणारे दोन, तीन किंवा चार डोळे, म्हणजे सेन्सर, बसविलेले असतात. ज्योत पेटतांच सेन्सर खूण देतात, द्रवस्फटिकास विजेचा दाब मिळतो आणि काच काळी होते. ज्योत विझली कीं ती पुन्हां उजळते. हेल्मेट डोक्यावर, दोन्ही हात मोकळे आणि रॉड टेकण्याची जागा आधींच स्पष्ट!

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. काच काळी होण्यापूर्वींच्या क्षणांत अतिनील किरण डोळ्यांत शिरतात, अशी धास्ती पुष्कळांना वाटते. प्रमाणित मालांत तसें होत नाहीं. कारण त्या किरणांना अडविणारी गाळणी सदैव जागी असते, काच उजळ असो वा काळी, बॅटरी चालू असो वा संपलेली. काळें होण्याचें काम दिसणाऱ्या प्रकाशापुरतें आहे. चांगल्या हेल्मेटावर काळें होण्याचा काळ सेकंदाचा १/२५००० भाग असा लिहिलेला असतो. पापणी लवण्यास सेकंदाचा दहावा भाग धरिला, तर ही काच तिच्याहून २५०० पट चपळ ठरते. पण ही सारी हमी खऱ्या गाळणीवर अवलंबून आहे. ज्या मालावर ना मानक, ना बनविणाराचें नांव, त्याच्या गाळणीची शाश्वती कोण देणार? डोळे दिपले नाहींत, एवढ्यावरून ते वांचले असें होत नाहीं. कारण जो किरण भाजतो तो मुळीं दिसतच नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. काचेच्या चौकटीवर ‘४/९–१३’ आणि ‘१/१/१/२’ असे आंकडे आढळतात. पहिल्याचा अर्थ, उजळ असतांना काच ४ नंबरची आणि काळी झाल्यावर ९ ते १३ पर्यंत हवी तशी लावतां येते. दुसरे चार आंकडे म्हणजे काचेची प्रगति-पुस्तिकाच होय : चित्र सुबक दिसतें कीं नाहीं, प्रकाश फांकतो कीं काय, सर्वत्र सारखी काळिमा आहे का, आणि तिरकें पाहिलें असतां फरक पडतो का. येथें १ म्हणजे पहिला वर्ग आणि ३ म्हणजे शेवटचा. हे आंकडे युरोपच्या ईएन ३७९ या मानकाचे आहेत. त्याच्या जागीं आतां आयएसओ १६३२१ हें नवें मानक आलें असलें, तरी दुकानांतील मालावर जुने आंकडे अजून दिसतात. आपल्या देशांत वेल्डिंगच्या वेळच्या डोळ्यांच्या व चेहऱ्याच्या संरक्षणासाठीं आयएस ११७९ हें मानक आहे. यांपैकीं कोणता तरी शिक्का आणि बनविणाराचें नांव पाहिल्यावांचून पैसे काढूं नयेत.

काळिमेचा नंबर किती ठेवावा? तो रॉडच्या जाडीवर, खरें म्हणजे करंटवर, अवलंबून आहे. १२ नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड ६० ते ९० अँपिअरवर चालवितां १० नंबर बहुधा पुरतो. १० नंबरचा रॉड ९० ते १३० अँपिअरवर चालवितां ११ ठेवावा. ट्रॉलीच्या सांगाड्यासाठीं ८ नंबरचा जाड रॉड घेतला, तर ११ किंवा १२. प्रथम अधिक काळा नंबर लावावा आणि वितळलेला रस नीट दिसेपर्यंत एकेक पायरी उतरावें. परंतु ठरलेल्या मर्यादेखालीं जाऊं नये. रॉडचा १० नंबर आणि काचेचा १० नंबर यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं, हें नवशिक्यांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें.

सेन्सर शक्यतों चार असावेत. टेबलावर सपाट काम करणाराचें दोनांवर भागतें. परंतु ट्रॉलीच्या खालीं शिरून जो काम करितो, त्याच्या हेल्मेटाचा एखादा सेन्सर अँगलाच्या किंवा स्वतःच्या हाताच्या आड जातो आणि काच मध्येंच उजळते. टिग वेल्डिंगची बारीक ज्योत तर स्वस्त हेल्मेटास कित्येकदां ओळखतांच येत नाहीं. सेन्सरची संवेदना कमी-अधिक करण्याची सोय असावी. कारण आपल्याकडे अर्धें काम उघड्यावर होतें, आणि संवेदना फार ठेविली तर सूर्यप्रकाशानेंही काच काळी होते. ज्योत विझल्यावर काच उजळण्यास लागणारा विलंबही बदलतां यावा. जाड रॉडनें काम केल्यावर रस कांहीं वेळ लालबुंद राहतो. तेव्हां विलंब वाढवावा. टांके मारतांना तो कमी करावा. याखेरीज वजन डोक्यावर घेऊन पाहावें. बघतांना हलकें वाटणारें हेल्मेट सायंकाळपर्यंत मान धरूं शकतें.

चाळिशी उलटलेल्या कारागिरांना एक सूचना. सांधा अस्पष्ट दिसूं लागला कीं दोष हेल्मेटास देण्याची घाई करूं नये. आधीं डोळे तपासून घ्यावेत. कांहीं हेल्मेटांत आंतून जवळच्या नंबरची काच बसवितां येते. तशी खांच आहे का, तें घेतांना विचारावें.

किंमत हजार-दीड हजार रुपयांपासून पंधरा-वीस हजारांच्या पुढेंही जाते. महाग तेंच घ्यावें, असें मी म्हणत नाहीं. मात्र सुटे भाग मिळतात का, हा प्रश्न किंमतीच्या आधीं विचारावा. बाहेरची पारदर्शक संरक्षक काच, आंतली काच, घामाची पट्टी आणि सीआर २०३२ अथवा सीआर २४५० जातीची बॅटरी हीं तालुक्याच्या गांवीं मिळालीं पाहिजेत. ज्याची बॅटरी बदलतांच येत नाहीं, तें हेल्मेट बॅटरीबरोबरच संपतें. काचेची चौकट ११० बाय ९० मिलिमीटर या प्रचलित मापाची असली, तर पुढें बदलणें सोपें जातें.

आतां काय केव्हां बदलावें? बाहेरची काच ठिणग्यांनीं खरवडली, धुरकटली, कीं लागलीच बदलावी. ती थोड्या पैशांची वस्तु आहे. ती न बदलतां ‘हेल्मेटांतून दिसत नाहीं’ म्हणणारा मनुष्य, चष्मा न पुसतां पुस्तकास बोल लावणाऱ्या विद्यार्थ्यासारखा होय. बॅटरीची खूण दिसतांच किंवा काच संथ झाल्याचा संशय येतांच नवी बॅटरी घालावी. मात्र बॅटरी नवी असूनही काच लुकलुकते, एका कोपऱ्यांत काळी होत नाहीं, तिला तडा गेला आहे, किंवा एखाद्या वेळीं काळी होण्यास चुकते, तर मूळ काचच बदलावी. दुरुस्तीच्या नादीं लागूं नये. टोपाला चीर गेली असेल तर टोप बदलावा, कारण फटींतूनही किरण येतात. वैशाखाच्या उन्हांत हेल्मेट पत्र्यावर किंवा ट्रॅक्टरच्या बॉनेटवर टाकूं नये. अति उष्णतेनें द्रवस्फटिक व बॅटरी दोन्ही बिघडतात. सेन्सर रोज मऊ फडक्यानें पुसावेत. हेल्मेट वर करून स्लॅग झाडतांना अथवा ग्राइंडर चालवितांना खालीं साधा सुरक्षा-चष्मा असावाच.

शेवटीं जी गोष्ट मला सर्वांत अधिक टोंचते, ती सांगतों. एका दुकानांत मालकानें मोठ्या हौसेनें उंची हेल्मेट घेतलें होतें. त्याच्यापासून हातभर अंतरावर पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा अँगल धरून बसला होता; तोंड एका बाजूला वळविलेलें, डोळे किलकिले केलेले. मालकाच्या डोळ्यांपुढची काच क्षणार्धांत काळी होत होती. त्या पोराच्या डोळ्यांपुढें कांहींच नव्हतें. मीं मालकास विचारलें, “याचें काय?” तो म्हणाला, “गुरुजी, तो कुठें वेल्डिंग करतो? तो नुसता धरतो.” परंतु किरण धरणारा आणि जोडणारा असा भेद करीत नाहींत.

१९४८ च्या कारखाना कायद्यांत डोळ्यांच्या संरक्षणासाठीं ३५ वें कलम होतें. पण यंत्रशक्तीवर चालणाऱ्या ठिकाणीं दहा तरी कामगार असल्यावांचून तो कारखाना गणला जात नसे. दोन-तीन माणसांच्या दुकानाला तेथें जागा नव्हती. अशा दुकानांत कायद्याचें काम मालकाच्या विवेकानेंच केलें पाहिजे. म्हणून माझें सांगणें असें, कीं एक फार महाग हेल्मेट घेण्याऐवजीं त्याच पैशांत दोन मध्यम पण प्रमाणित हेल्मेटें घ्यावीं. तेंही न जमल्यास मदतनिसाला निदान योग्य नंबरच्या काळ्या काचेचा स्क्रीन द्यावा आणि रस्त्याच्या बाजूला जाड पडदा लावावा. कारण शाळेंतून परतणारीं मुलें त्या ज्योतीकडे टक लावून पाहत उभीं राहतात.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करितों. वेल्डिंग-मशीनला झेंडूचें फूल वाहतों, हातोड्याला कुंकू लावतों. त्या दिवशीं प्रत्येक दुकानदारानें हेल्मेट हातांत घेऊन पाहावें : काच स्वच्छ आहे का, बॅटरी ताजी आहे का, आणि दुकानांत जितके डोळे आहेत तितक्यांना पुरेल इतकें साहित्य आहे का. ऊस वाहण्याचा हंगाम त्यानंतरच सुरू होतो आणि रात्रंदिवस कामाची घाई उडते. लोखंडाचा सांधा तुटला तर पुन्हां जोडतां येतो. डोळ्याला मात्र तसा टांका मारतां येत नाहीं.