युद्ध आणि अर्धवट राहिलेला हंगाम

(केडगाव येथे युवक-युवतींसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आयोजकांनी मला ‘खेळ आणि युवक’ असा विषय दिला. व्यायाम करा, मोबाइल कमी बघा, हे तुम्हाला घरी रोज ऐकायला मिळतं. मी शाळेत पीटी शिकवणारा माणूस, फावल्या वेळात फुटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहतो. तेव्हा मी फुटबॉलवरच बोलतो, आणि त्यातही एकाच गोष्टीवर. लीग चालू असते, गुणतालिका रोज बदलत असते, आणि मध्येच युद्ध येतं. मग त्या हंगामाचं काय होतं?

आपल्याकडे फुटबॉलची राष्ट्रीय लीग सुरू झाली तीच १९९६ मध्ये, त्यामुळे ती युद्धापायी बंद पडल्याचा प्रसंग नाही. २०२५ मध्ये आयएसएल रखडली, पण ती करारावरून. आपल्याला त्यासाठी युद्ध लागत नाही! पण लीग थांबते म्हणजे काय होतं, हे त्याच वर्षी मे महिन्यात क्रिकेटमध्ये आपण सगळ्यांनी पाहिलं. पहलगामला २६ निरपराध माणसं मारली गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा होती. नंतर लष्करी कारवाई सुरू झाली. ८ मे रोजी धरमशालेत पंजाब आणि दिल्लीचा आयपीएल सामना १०.१ षटकांवर थांबला, दिवे गेले, प्रेक्षकांना बाहेर काढलं. खेळाडूंना रेल्वेने दिल्लीला आणलं. दुसऱ्या दिवशी लीग स्थगित. १० मेला शस्त्रसंधी झाली आणि १७ मेला खेळ पुन्हा चालू. पलीकडची पीएसएलही त्याच १७ तारखेला सुरू झाली.

त्या आठवड्यात आमच्या मैदानावर येणारा एक मुलगा चार दिवस आला नाही. हा मुंबई इंडियन्सचा इतका वेडा, की ते हरले तर जेवत नाही. त्याला क्लासमधल्या एका मित्राने विचारलं होतं, “तुमची पीएसएल कधी सुरू होणार रे?” थट्टाच असेल. पण ‘तुमची’ हा शब्द त्याला लागला. आणि टीव्हीवर तेव्हा काय चाललं होतं ते आठवा. पूंछमध्ये तोफगोळ्याने गेलेल्या एका मदरशातल्या शिक्षकाला काही वाहिन्यांनी दहशतवादी ठरवून टाकलं. तिथल्या पोलिसांना खुलासा करावा लागला. युद्धाचं धावतं समालोचन करायला लागलं की असंच होतं.

तो पाचव्या दिवशी आला तेव्हा मी त्याला एका कागदावर काही नावं लिहून दिली. चुनी गोस्वामी, पीटर थंगराज, जर्नेल सिंग, युसूफ खान, पी. के. बॅनर्जी. ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकणारा हा संघ. प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शिक्षक. ‘मैदान’ सिनेमामुळे तुम्हाला ते माहीत आहेत. पण आपल्या बाजूने त्यांची ओळख जुनी आहे. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने मुंबईत येऊन १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स कप नेला. तेव्हा मराठवाडाही हैदराबाद राज्यातच होता.

जकार्तानंतर दीड महिन्यात, २० ऑक्टोबरला, चीनशी युद्ध सुरू झालं आणि त्या वर्षीची ड्युरँड स्पर्धा झालीच नाही. आदल्या वर्षीचा विजेता होता आंध्र पोलीस, म्हणजे रहीमसाहेबांचाच जुना संघ, नाव तेवढं बदललेलं. आशियात पहिला आलेला देश, खेळाडू ऐन बहरात, आणि वर्षाची मोठी स्पर्धा गायब. रहीमसाहेबांना कर्करोग होता, जून १९६३ मध्ये ते गेले. इतिहासाच्या पुस्तकात ‘१९६२ : स्पर्धा झाली नाही’ एवढी ओळ आहे. ज्या माणसाकडे मोजकेच महिने होते, त्याच्यासाठी ती ओळ केवढी मोठी होती ते बघा.

तो कागद मी मुलाला मित्राच्या तोंडावर मारायला दिला नव्हता. देशप्रेमाचा दाखला मागणाऱ्याला यादी दाखवत बसायचं नसतं. यादी त्याच्या स्वतःसाठी होती.

आता आयपीएलकडे परत या. ती नऊ दिवसांत का परतली? शस्त्रसंधी झाली म्हणून, आणि तिच्या मागे अफाट पैसा होता म्हणून. दोन्ही नसेल तर काय होतं? इंग्लंडमध्ये १९३९ चा हंगाम तीन फेऱ्यांत संपला. ब्लॅकपूल तिन्ही सामने जिंकून वर होतं. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झालं, नंतर ते निकाल अधिकृत नोंदीतून वगळले गेले, आणि नेहमीची लीग परतली ती १९४६ मध्ये. युक्रेनमध्ये २०२२ चा हंगाम अर्ध्यावर संपवला तेव्हा शख्तार ४७ गुणांवर, दिनामो कीव्ह ४५ वर. विजेता कोणालाच घोषित केलं नाही. पण ऑगस्टमध्ये तिथे पुढचा हंगाम सुरू झाला, प्रेक्षकांविना. भोंगा वाजला की खेळाडू तळघरात. एक सामना असा साडेचार तास चालला.

सुदानचं काय? १५ एप्रिल २०२३, रमजानचे शेवटचे दहा दिवस, आणि खार्तुममध्ये दोन सेनापतींची फौज एकमेकांवर तुटून पडली. लीग बंद. अल-हिलाल आणि अल-मर्रीख, दोघेही ओमदुरमानचे, एकमेकांचे जुने प्रतिस्पर्धी. २०२४-२५ मध्ये दोघेही पार आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, मॉरिटानियाच्या लीगमध्ये पाहुणे म्हणून खेळले. हिलाल तालिकेत पहिला आला. परक्या देशात, परक्या लीगमध्ये पहिला! घरचे प्रेक्षक मात्र निर्वासितांच्या छावण्यांत.

एक बोलतो, राग मानू नका. पॅलेस्टाइनचे स्टेटस मी तुमच्या मोबाइलवर खूप पाहिले, सुदानचा एकही पाहिला नाही. तिथे मारणारे कलमा वाचणारे आणि मरणारेही कलमा वाचणारे, म्हणून बोट कुणाकडे दाखवायचं ते कळत नाही, असंच ना? मग आपलं दुःख माणसांसाठी आहे की बोट दाखवण्यासाठी, हे एकदा स्वतःला विचारा.

आणि पॅलेस्टाइनबद्दल तरी आपल्याला किती माहीत आहे? तिथे एका लीगच्या जागी दोन लीग होत्या, वेस्ट बँकची वेगळी, गाझाची वेगळी, कारण खेळाडूंना इकडून तिकडे जाता येत नाही. दोन्हीकडच्या विजेत्यांच्या अंतिम सामन्यासाठीही इस्रायलचा परवाना लागायचा. २०१९ मध्ये गाझाच्या खदमात रफाह संघातल्या बहुतेकांना तो मिळाला नाही आणि सामना अडला. म्हणजे युद्धाच्या आधीही हंगाम पूर्ण होईलच याची खात्री नव्हती. ऑक्टोबर २०२३ नंतर दोन्ही लीग थांबल्या. गाझातल्या यार्मूक स्टेडियमवर इस्रायली सैन्याने लोकांना कपडे उतरवून बसवल्याची दृश्यं जगाने पाहिली. तरी जानेवारी २०२४ मध्ये पॅलेस्टाइनचा संघ आशिया कपमध्ये हाँगकाँगला ३-० ने हरवून पहिल्यांदाच बाद फेरीत गेला, देशात लीग नसताना.

सुलेमान अल-ओबैद त्या देशाकडून खेळलेला. ‘पॅलेस्टाइनचा पेले’ म्हणायचे त्याला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो मारला गेला, वय ४१. मदतीच्या अन्नासाठी थांबलेला होता, असं तिथल्या फुटबॉल संघटनेनं सांगितलं. युएफानं श्रद्धांजली वाहिली, पण तो कसा गेला यावर अक्षर नाही. मोहम्मद सलाहने तेवढंच विचारलं, कसा गेला, कुठे आणि का. सलाहचा जर्सी नंबर इथं सगळ्यांना पाठ आहे. ओबैदचं नाव किती जणांना माहीत होतं? हात वर करा. तीन.

आपलं नगर लष्कराचं गाव. रणगाडा संग्रहालयात जाऊन फोटो काढलेला नाही असं पोर इथं सापडणार नाही. त्या मे महिन्यात आम्हीही मुलांची छोटी स्पर्धा थांबवली, कारण आमच्या दोन खेळाडूंचे वडील सीमेवर होते आणि त्या पोरांचं लक्ष चेंडूवर नव्हतं. चार सामने झाले होते. निकाल वहीत तसेच ठेवले, आणि जूनमध्ये पाचव्या सामन्यापासून पुढे खेळलो. त्यातला एकाचा वडील सुट्टीवर आले होते, ते लाइनवर झेंडा घेऊन उभे राहिले.

ती वही समोर टेबलावर ठेवली आहे. तिची सुरुवातीची बरीच पानं पावसात भिजली, नावं वाचता येत नाहीत. ज्यांचे थोरले भाऊ-बहिणी खेळलेत त्यांनी घरी विचारून नावं आणा. मुलींच्या पहिल्या संघातल्या तर चारच जणी लागल्यात, सात अजून शोधायच्या आहेत. चहा झाला की या, पेन तिथेच आहे.