एका अक्षराची चूक

माझ्या पहिल्या संग्रहात 'दारी एक दिवा असावा' ही ओळ 'दारी एक दावा असावा' अशी छापली गेली. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतले वकील म्हणाले, "अगदी खरं लिहिलंत!" मीही हसलो. पण अक्षराची प्रत्येक चूक हसण्यावारी नेता येत नाही, हे मावसबहिणीच्या मुलामुळे कळलं. त्याला थॅलेसेमिया आहे. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं.

मी बी.ए. झालेला माणूस. शेजारच्या, जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या छापखान्यासारखंच आहे की हो!"

पेशीच्या केंद्रकात डीएनएची मूळ पोथी असते. ती बाहेर जात नाही. हव्या त्या प्रथिनापुरतं पान उतरवून घेतात. ती प्रत म्हणजे आरएनए. तिच्यात मध्ये मध्ये नको असलेला मजकूर असतो. तो कापून, उरलेले तुकडे जोडले की प्रत केंद्रकाबाहेर येते. तिथे रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो. दर तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, अशी मण्यांसारखी माळ ओवली जाते. थांबण्याची खूण आली की माळ सुटते. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असे 146 मणी असतात.

भारतात बीटा थॅलेसेमियाची सर्वाधिक आढळणारी चूक कापून टाकायच्या मजकुरातच आहे. पहिल्या तशा तुकड्यात पाचव्या जागी 'जी'ऐवजी 'सी' येतो. कात्रीची जागा चुकते आणि बीटा साखळी जेमतेम तयार होते.

ही चूक आई-वडिलांपैकी एकाकडूनच आली, तर माणूस धडधाकट राहतो. त्याला पत्ताही नसतो. नवरा-बायको दोघंही असे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. आमच्यात चुलत-मावस नाती जुळतात, कित्येक मराठी घरांत मामाची मुलगी करतात. घराण्यातली चूक अशी समोरासमोर येते. नात्याबाहेरही येऊ शकते.

पुतणीचं लग्न नात्यात ठरलं, तेव्हा मी दोघांच्या हिमोग्लोबिन ए-टू तपासणीचा हट्ट धरला. थोरले भाऊ चिडले, "पोरीत खोट काढतोस?"

"नाही भाईजान, छपाईआधी प्रूफ तपासतोय."

पुतणी वाहक निघाली, मुलगा नाही. निकाह ठरल्या दिवशी झाला. भाईजान आता दुसऱ्यांच्या घरी लग्न ठरलं की आधी तपासणीचं विचारतात.