आतड्याचा उसवलेला सांधा

उसवलेल्या वस्त्रास पुन्हां टांका घालावा, हा शिंप्याचा नियम. परंतु आतड्याचा सांधा उसवला म्हणजे तो चालत नाहीं.

गुदाशयांत कर्करोग झाला असतां शस्त्रवैद्य तेवढा भाग कापून काढतात व उरलेलीं दोन तोंडें एकमेकांस जोडतात. बहुतेकांचा सांधा नीट जुळतो. कांहींचा मात्र थोड्याच दिवसांत गळूं लागतो. रोग्यास ताप भरतो, नाडी जलद चालते आणि सांध्याबाहेर मल व पू सांचून पोकळी होते. सुजलेल्या मांसांत टांका टिकत नाहीं. अशा वेळीं पुष्कळदां पोट पुन्हां उघडून सांधाच मोडावा लागे, आणि पोटावर केलेलें मलद्वार रोग्यास जन्मभर वागवावें लागे.

बाह्य जखमेवर स्पंज ठेवून, ती हवाबंद करून, आंतील द्रव यंत्रानें शोषून घेण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रूढ झाली. जर्मनींतील म्युनिकच्या शस्त्रवैद्यांनीं तीच शरीराच्या आंत नेली. वायडेनहागेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं २९ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला; त्यांपैकीं २८ जणांची गळती बरी झाली.

ह्या उपचारांत गुदद्वारांतून दुर्बीण घालून पोकळी पाहतात व धुतात. तिच्याहून किंचित लहान कापलेला स्पंज आंत बसवून त्याची नळी बाहेरील शोषणयंत्रास जोडतात. शोषणाचा जोर साधारणतः पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरांइतका असतो. त्यानें पू बाहेर येतो, सूज ओसरते, पोकळी आकसते आणि तळापासून ताजें, लाल मांस भरूं लागतें. दर दोन-तीन दिवसांनीं स्पंज बदलावाच लागतो. एरवीं नवें मांस त्याच्या छिद्रांत शिरतें व काढतांना फाटतें. पोकळी लहान होत जाते, तसा स्पंजही लहान कापतात.

हा क्रम कित्येक आठवडे चालतो. तो सर्वांसच लागू नाहीं. मल सबंध उदरांत पसरला असल्यास शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें. शिवाय गळती जुनी झाली कीं पोकळीच्या भिंती कठीण होतात व सहजासहजीं आकसत नाहींत. म्हणून ह्या उपचाराचा आरंभ यंत्रापाशीं होत नाहीं. रात्रीच्या प्रहरीं रोग्याची नाडी वाढलेली पाहून जी परिचारिका वैद्यास तत्काळ बोलाविते, तिच्या दक्षतेपाशीं तो होतो.